पक्षाघात : मेंदूचे रक्षण कशाने होते?

‘अंगावरून वारं गेलं’ असे सातारा-सांगलीच्या ग्रामीण भागात आजही म्हटले जाते. दोष हातापायांत आहे असे समजून घरची मंडळी तेल चोळतात, उजाडण्याची वाट पाहतात आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत निम्मा दिवस सरलेला असतो. प्रत्यक्षात बिघाड मेंदूत असतो. बहुसंख्य रुग्णांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, काहींत ती फुटते. यांतील प्रकार कोणता, हे सीटी स्कॅनखेरीज खात्रीने सांगता येत नाही.

रक्तवाहिनी बंद पडताच मधला भाग काही मिनिटांत मृत होतो. भोवतालचा भाग मात्र काही तास अर्धमेल्या अवस्थेत तग धरून असतो. मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज अमेरिकेतील डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. हा तग धरलेला भाग वाचविणे, हीच सारी धडपड.

त्यासाठी पेशींना थेट संरक्षण देणारी अनेक औषधे शोधली गेली. प्राण्यांवर गुण आला, माणसांत आला नाही. आपल्याकडे सर्रास लिहून दिले जाणारे सिटिकोलीन २०१२ मध्ये युरोपातील सुमारे २३०० रुग्णांवरील चाचणीत निरुपयोगी ठरले. आमच्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा अभिमान आहेच. परंतु हळदीतील कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडे उतरते आणि अल्झायमरच्या रुग्णांवरील छोट्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. कंपवातातही औषधाने हालचाल सुधारते; पेशींची झीज थांबविणारे औषध अद्याप सिद्ध झालेले नाही.

गुण येतो तो रक्तप्रवाह पुन्हा सुरू केल्याने. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यांपैकी टेनेक्टेप्लेज पुण्याची जेनोव्हा ही कंपनी बनविते. अमेरिकेने हे औषध पक्षाघातासाठी मार्च २०२५ मध्ये मान्य केले. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. मुदत संपलेली एखादी कुपी टाकून द्यावी लागते, तेव्हा हिशेबतपासनीस काय विचारतात, हे मला ठाऊक आहे. तथापि रात्री दोन वाजता रुग्ण वेळेत आला आणि कुपीच नसली, तर त्या तुटीची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. म्हणून साठा ठेवावाच, अशी विनंती मी विश्वस्त मंडळास केली आहे.

याहून स्वस्त, परंतु दुर्लक्षित उपाय शुश्रूषेचा. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात १९ रुग्णालयांत परिचारिकांनी तीनच गोष्टी नेमाने पाहिल्या : ताप, रक्तातील साखर आणि गिळण्याची क्षमता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यू वा परावलंबन शंभर रुग्णांमागे सुमारे १६ ने घटले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही.

गिळण्याचे महत्त्व आम्हाला एका दुःखद प्रसंगाने पटले. पाटण तालुक्यातील एका गृहस्थांना गाडीत बसवताना लेकीने दोन घोट चहा पाजला. घशाची शक्ती गेलेली असल्याने तो फुफ्फुसात उतरला. हातात बळ परतू लागले असतानाच न्यूमोनियाने ते गेले. त्या माऊलीच्या मनात मायेखेरीज काही नव्हते. तिला हे कोणी सांगितलेच नव्हते. आता गिळण्याची चाचणी होईपर्यंत आम्ही रुग्णाच्या खाटेला ‘तोंडाने काहीही देऊ नये’ अशी पाटी लावतो.

नातेवाइकांना विनंती, की तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे वा बोबडे बोलणे दिसताच १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ लक्षात ठेवावी. साडेचार तास तेव्हापासून मोजले जातात, म्हणून आमच्या अपघात विभागातील केसपेपरवर पहिला रकाना त्या वेळेचाच आहे.