विणलेल्या कपड्यांवरील जकात

परदेशचा माल बंदरांत उतरला म्हणजे त्यावर जकात बसते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती किती बसावी, हें प्रथम मालाच्या वर्गावरून ठरतें. हा वर्ग कसा ओळखतात, तें नेहमींच्या वापरांतील गंजीफ्रॉक, स्वेटर इत्यादि कपड्यांवरून पाहूं.

मागावर कापड विणणें आणि सुयांवर स्वेटर विणणें, या दोहोंस मराठींत आपण एकच शब्द लावतों. जकातीच्या कोष्टकांत मात्र हीं दोन निराळीं घरें आहेत. मागावरच्या कापडांत उभे व आडवे धागे एकमेकांच्या वरखालून जातात. सुयांच्या विणींत, मग त्या सुया हाताच्या असोत वा यंत्राच्या, एका फांसांतून दुसरा फांस ओढून घेतात. म्हणून तें वस्त्र ताणलें असतां सैल होतें.

सर्व मालास अंक देणारी 'हार्मोनाइज्ड सिस्टिम' ही पद्धति १ जानेवारी १९८८ पासून अंमलांत आली असून, आज जगांतील बहुतेक देश ती पाळतात. तिचें ६१ वें प्रकरण सुयांवर विणलेल्या कपड्यांचें आणि ६२ वें सामान्यतः मागावरच्या कापडाच्या कपड्यांचें आहे. पहिले सहा अंक सर्वत्र सारखे असतात. पुढचे ज्याचे त्यानें ठरवावयाचे. भारतांत एकंदर आठ अंक आहेत, तर अमेरिकेंत दहा.

६१ व्या प्रकरणांत टी-शर्ट व गंजीफ्रॉक ६१०९ या अंकाखालीं, स्वेटर ६११० खालीं, आणि पुरुषांचे शर्ट ६१०५ खालीं येतात. येथें टाकेदेखील मोजावे लागतात. निदान १० सेंटिमीटर लांबरुंद भागावर मोजतां, प्रत्येक दिशेस एका सेंटिमीटरांत सरासरी १० पेक्षां कमी टाके भरले, तर तें वस्त्र ६१०५ मध्यें बसत नाहीं. कमरेखालीं खिसा असला तरीहि बसत नाहीं.

यानंतर धाग्याचा प्रश्न येतो. ज्या धाग्याचें वजन अधिक, त्याच्या नांवें वस्त्र ओळखलें जातें. अमेरिकेंत सुती टी-शर्टावर मूळ जकात शेकडा १६.५ आहे, आणि कृत्रिम धाग्याच्या टी-शर्टावर शेकडा ३२. वेळोवेळीं बसविलेली जादा जकात याहून निराळी. म्हणजे १,००० डॉलरच्या मालावर एकीकडे १६५ डॉलर, तर दुसरीकडे ३२० डॉलर! कापूस व पॉलिएस्टर समसमान असतील तर? अशा वेळीं कोष्टकांत जें द्रव्य शेवटीं येतें, तें धरावें, असा नियम आहे. कापसाचें प्रकरण ५२ वें आणि कृत्रिम धाग्यांचीं ५४ वें व ५५ वें. म्हणून तें वस्त्र कृत्रिम ठरतें.

तमिळनाडूंतील तिरुपूर शहर विणलेल्या कपड्यांच्या निर्यातीबद्दल प्रसिद्ध आहे. तेथून अमेरिकेस जाणारा मालहि याच नियमांनीं पारखला जातो. कोणी निम्म्या कापसाचा माल अधिक कापसाचा म्हणून दाखविला, तर खजिन्याची हानि होतेच. पण खरें लिहून पुरी जकात भरणारा शेजारचा व्यापारी विनाकारण महाग ठरतो, आणि त्याच्या कामगारांच्या पोटावर पाय येतो.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या सदऱ्याच्या आंतील चिठ्ठीवर धाग्यांचें शेकडा प्रमाण छापलेलें असेल, तर तें अवश्य वाचा. खऱ्या वजनमापाविषयीं पवित्र शास्त्राचा जो आग्रह आहे, तो धान्याच्या तराजूपुरताच नाहीं; त्या चिमुकल्या चिठ्ठीसहि तो तितकाच लागू आहे.