निकाल का रखडला? : संगणक-प्रकल्प आणि अभियांत्रिकीची शिस्त

'संगणक चुकत नाही' असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आणि खिडकीपुढच्या रांगेत तासभर ताटकळल्यावर 'सिस्टिम बंद आहे, उद्या या' हेही आपण ऐकलेले आहे. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी कशी? या प्रश्नाचे उत्तर आपल्या मुंबई विद्यापीठाच्या २०१७ सालच्या निकालांत सापडते.

त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांपासून सर्वच विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय विद्यापीठाने घेतला. हेतू वाईट नव्हता. गठ्ठ्यांची ने-आण वाचावी, बेरजेच्या चुका टळाव्यात, निकाल लवकर लागावेत, असाच तो होता. प्रत्यक्षात काय घडले? कायद्याने निकालाला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मर्यादा आहे. ती उलटून गेली. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. निकाल लागत लागत सप्टेंबर उजाडला. काही उत्तरपत्रिकांचा मेळच लागेना. पुढच्या प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी ज्यांना गुणपत्रिका हवी होती, त्यांच्या हाती केवळ प्रतीक्षा उरली. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले.

दोष संगणकाचा होता काय? तसे म्हणता येत नाही. अभियांत्रिकीच्या उत्तरपत्रिका त्याआधीही पडद्यावर तपासल्या जात होत्या, आणि २०१७ नंतरही ही पद्धत चालू राहिली. मग चुकले कुठे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९६८ साली जर्मनीतील गार्मिश या गावी संगणकतज्ज्ञांची एक परिषद भरली. मोठमोठ्या आज्ञावली वेळेवर पुऱ्या होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो आणि तयार झालेले काम भरवशाचे नसते, ही त्या काळची तक्रार होती. पूल बांधणारा इंजिनिअर जशी शिस्त पाळतो तशीच शिस्त आज्ञावली लिहिणाऱ्याने पाळावी, या विचाराने परिषदेला 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे नाव देण्यात आले. ही शिस्त सांगायला सोपी आहे. आधी गरज नेमकी लिहून काढा, मग आराखडा करा, मग बांधणी; नंतर चाचणी, आणि शेवटी हळूहळू वापर. प्रत्येक टप्पा तपासल्याखेरीज पुढे पाऊल टाकायचे नाही.

का बरे? माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचे चालवीत. ते सांगत, वार्पिंगमध्ये धागा तुटला तर तिथेच सांधणे क्षणाचे काम. तोच दोष विणखात्यात गेला की साचा थांबतो. आणि फोल्डिंग खात्यात दिसला तर अख्खा तागाच दुय्यम ठरतो. संगणक-प्रकल्पाचे नेमके असेच असते. आराखड्यातली चूक कागदावर खोडता येते. वापर सुरू झाल्यावर तिची किंमत हजारो माणसे मोजतात.

आता २०१७ कडे पुन्हा पाहू. परीक्षा मार्चमध्ये सुरू झाल्या आणि हे काम करणारी कंपनी एप्रिलअखेरीस ठरली! म्हणजे उत्तरपत्रिका साठत असताना त्या तपासायची यंत्रणा उभी राहत होती. आराखडा, चाचणी, प्राध्यापकांचे प्रशिक्षण या साऱ्यासाठी वेळ उरलाच कुठे?

दुसरी गोष्ट आकाराची. एकूण उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख होत्या. एकीची सरासरी ३० पाने धरली तरी ५ कोटींहून अधिक पानांच्या प्रतिमा होतात. त्या काढायच्या, साठवायच्या, योग्य विषयाच्या योग्य परीक्षकाच्या पडद्यावर पोचवायच्या आणि गुण पुन्हा त्याच विद्यार्थ्याच्या नावावर जमा करायचे. एका शाखेत जे निभावले ते साऱ्या शाखांत निभावेलच, असे गृहीत धरता येत नाही. चाळीतल्या बारशाचा स्वयंपाक करणाऱ्याने लालबागच्या उत्सवाची पंगत अंगावर घेण्यापूर्वी भांडी तरी मोजावीत! म्हणूनच शिस्त सांगते की, आधी एखादी शाखा वाढवा, अनुभव घ्या, आणि नवी पद्धत स्थिरावेपर्यंत जुनी हाताशी ठेवा.

तिसरी गोष्ट माणसांची. काम रखडले तेव्हा अधिकाधिक प्राध्यापक कामाला लावण्यात आले, इतर विद्यापीठांचीही मदत घेण्यात आली. आयबीएम कंपनीत एका प्रचंड प्रकल्पाची धुरा वाहिलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात एक विलक्षण निरीक्षण नोंदवले आहे : उशीर झालेल्या संगणक-प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी लांबतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि परस्परांना विचारण्या-सांगण्याचे काम वाढते. उत्तरपत्रिका तपासणे हे आज्ञावली लिहिण्यासारखे नाही; तिथे वाढीव हातांचा उपयोग होतोही. पण पानांची प्रतिमाच पडद्यावर येत नसेल किंवा ती दुसऱ्याच विषयाची येत असेल, तर खुर्चीवर शंभर प्राध्यापक बसवून काय साधणार?

मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. हा विषय आपला नव्हे, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. गरज नेमकी काय आहे हे माणसांना विचारून स्वच्छ भाषेत लिहून काढणे, हा या साऱ्या शिस्तीचा पाया आहे, आणि ते काम भाषेच्या व समाजशास्त्राच्या अभ्यासकाचेही आहे. 'तपासणारा कोण, त्याला काय येते, त्याच्याकडे काय साधने आहेत' हे प्रश्न यंत्राचे नाहीत.

शिवाय यात आपले काहीतरी पणाला लागलेले असते. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी पदवीपर्यंत पोचते, त्या घरात निकाल हा एकट्याचा नसतो. धाकट्या भावंडाची फी, आईच्या ओव्हरटाइमची कधी सुटका, हे सारे त्या एका कागदावर ठरते. असे घर दोन महिने थांबू शकत नाही. म्हणून उद्या कुठलीही कचेरी नवी संगणक-प्रणाली आणू लागली, तर तिला आपण तीनच प्रश्न विचारावेत : चाचणी कुठे घेतली? वापरणाऱ्यांना शिकवले काय? आणि बंद पडली तर पर्यायी सोय कोणती? ज्याच्याकडे या तिन्हींची उत्तरे आहेत, त्याने खुशाल यंत्र सुरू करावे.