रिठा-शिकेकाईचा शांपू किती दिवस टिकतो?

जुम्म्याच्या गुसलला रिठा-शिकेकाईने डोके धुण्याची चाल आपल्या घरांतून अजून पुरती गेलेली नाही. मय्यतीच्या गुसलच्या पाण्यात बोरीचा पाला घालतात, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच पाल्याने केसही स्वच्छ होतात, हे मात्र आपण विसरत चाललो आहोत.

रिठ्याचा फेस सॅपोनिन या द्रव्यामुळे येतो. ते फळाच्या सालीगरात असते, म्हणून काळी बी काढून टाकावी. आठ-दहा रिठे, मूठभर शिकेकाई आणि चार-पाच सुके आवळे लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावेत. सकाळी मंद आचेवर पाणी निम्मे होईतो उकळावे, निवल्यावर कुस्करून फडक्यातून गाळावे.

खरी अडचण पुढेच आहे. हा काढा बाटलीत भरून महिनाभर न्हाणीघरात ठेवणाऱ्या बहिणी आम्ही पाहतो. उन्हाळ्यात तो दोन-तीन दिवसांतच आंबतो, मग बुरशी धरतो. झाडपाल्याचे आहे, त्याने काय होणार, असे म्हणून तो डोक्याला लावू नये. फ्रिजमध्येही आठवड्याहून अधिक ठेवू नये; वास बदलला की सरळ ओतून द्यावा. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तर लागेल तेवढाच काढता येतो.

आमच्या मते सुकी पूडच बरी. जिन्नस कडक उन्हात वाळवून दळावेत. कोरड्या बरणीत पूड काही महिने राहते, फक्त ओला चमचा घालू नये. दळताना नाकावर ओढणी बांधावी, शिंका फार येतात. लहान मुलांचे डोके धुताना डोळे मिटवून घ्यावेत. रिठा डोळ्यात गेला तर भरपूर साध्या पाण्याने लगेच धुवावा.