जरा मान तिरकी करा!

रस्त्याकडेच्या ठेल्यावर दीडशे रुपयांचा गॉगल. ‘ओरिजिनल पोलरॉइड आहे, साहेब!’ आता हे खरं की थाप? सोपं आहे. गॉगल चढवायचा, ठेलेवाल्याच्याच कॅल्क्युलेटरकडे बघायचं आणि मान हळूहळू तिरकी करायची. एका कोनात पडदा काळाठिक्कर पडला, तर माणूस खरं बोलतोय. नाही पडला, तर ती नुसती रंगवलेली काच. (लोक बघतात, पण बघू देत.)

भानगड अशी, की प्रकाश पुढे धावताना आडवा, उभा, तिरका कसाही थरथरत असतो. आपल्या डोळ्याला उजेड कळतो, रंग कळतो. थरथर कुठल्या दिशेची, हे जवळजवळ कळतच नाही. उन्हाचा प्रकाश सगळ्या दिशांनी थरथरतो. तोच डांबरी रस्त्यावरून किंवा पाण्यावरून उसळून आला, की त्यात आडवी थरथर जास्त उरते. थरथरीला अशी एक दिशा मिळणं म्हणजे ध्रुवण. पोलरॉइड गॉगल फक्त उभी थरथर आत सोडतो. त्यामुळे डोळे दिपवणारी चकाकी मरते, रस्ता मात्र दिसत राहतो.

विहिरीच्या काठावर तर याची जादूच. पाण्यावर काढलेल्या उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंशांच्या कोनात बघितलं, तर परतून येणारा प्रकाश पूर्ण आडवा थरथरत असतो. गॉगल लावला, की पाण्यातलं आभाळ पुसलं जातं आणि खालचं कासव दिसायला लागतं.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते एका संध्याकाळी, पॅरिसमध्ये. साल १८०८. एतिएन मालुस हा फ्रेंच लष्करातला इंजिनिअर. आइसलँडच्या पारदर्शक खड्यातून काहीही बघितलं की एकाच्या दोन प्रतिमा दिसतात. त्याने त्यातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांत चमकणारा मावळता सूर्य बघितला. खडा फिरवला, तर दोनांतला एक सूर्य गुल!

पण खडे महाग. मग स्वस्तातला गॉगल कसा आला? कुत्र्याच्या मुतातून. होय, बरोबर वाचलंत. ब्रिस्टलचे डॉक्टर हेरापाथ कुत्र्याला क्विनीन खाऊ घालत होते. त्यांच्या शिष्याने त्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीन टाकलं आणि हिरवे चकचकीत स्फटिक तयार झाले. दोन स्फटिक एकमेकांवर आडवे-उभे पडले, की तेवढ्या जागी काळोख. हे १८५२ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे हार्वर्डचं शिक्षण अर्धवट सोडलेल्या एडविन लँडने असे बारीक स्फटिक प्लॅस्टिकमध्ये एका रांगेत बसवले आणि १९२९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. नंतर स्फटिकही गेले. प्लॅस्टिक तापवून ताणायचं, म्हणजे रेणूंच्या साखळ्या सरळ होतात. मग आयोडीन पाजायचं.

फिल्टर समजावताना नेहमी खिडकीचे गज आणि त्यांतून हलणारी दोरी दाखवतात. चित्र छान, पण उलटं. साखळ्यांच्या दिशेची थरथर त्या साखळ्याच गिळून टाकतात, काटकोनातली सुटते. म्हणजे गज आडवे आणि दोरी उभी!

याहून भारी कोडं: दोन फिल्टर काटकोनात धरले, तर पलीकडे अंधार. त्या दोघांच्या मधोमध तिसरा ४५ अंशांत तिरका सरकवा. उजेड येतो! अडथळा वाढवला आणि वाट मोकळी झाली. कारण मधला फिल्टर नुसता अडवत नाही. जेवढा प्रकाश सोडतो, त्याला स्वतःची दिशा देऊन सोडतो.

आता उसाच्या पट्ट्यात चला. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ‘ब्रिक्स किती, पोल किती’ हे शब्द सारखे कानावर पडतात. त्यातला पोल म्हणजे आपलं हे ध्रुवणच. गाळून स्वच्छ केलेला रस लांब नळीत भरतात आणि त्यातून एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश सोडतात. साखर ती दिशा उजवीकडे वळवते. जितकी साखर जास्त, तितकं वळण मोठं. ऊस तोडून उन्हात पडून राहिला, की साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. यातलं फ्रुक्टोज डावीकडे जोरात ओढतं आणि पोल घसरतो. सगळी साखर अशी फुटली, तर वळण उजवीकडचं चक्क डावीकडे जातं. बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरांत ‘इन्व्हर्ट सिरप’ लिहिलेलं असतं ना? त्यातलं ‘इन्व्हर्ट’ हे त्या पलटीचं नाव.

मधमाश्यांना यंत्र लागत नाही. सूर्य ढगाआड असला तरी निळ्या आभाळाचा एक तुकडा त्यांना पुरतो. तिथल्या थरथरीवरून त्या दिशा ओळखतात. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे दाखवून दिलं. चतुर मात्र फसतात. आडवी थरथर म्हणजे पाणी, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून चकचकीत गाडीच्या बॉनेटवर अंडी घालायला बसतात.

आणि आपण? अगदीच आंधळे नाही. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, मधोमध नजर रोखा आणि मान एकदा या खांद्याकडे, एकदा त्या खांद्याकडे झुकवा. हात लांब करून धरलेल्या दोन अंगठ्यांएवढा, पुसट पिवळा, बो टायसारखा डाग फिरताना दिसेल. हायडिंगर या ऑस्ट्रियन माणसाने तो १८४४ मध्ये टिपला. मला तिसऱ्या दिवशी दिसला. तोवर घरचे विचारत होते, मान अवघडली का?