फोर्टातील एक दिवस : पाहुणा परदेशी, वाटाड्या देवगडचा

शैक्षणिक देवाणघेवाणीच्या योजनांतून परदेशातील मुले काही महिने भारतीय कुटुंबांत राहतात. रोटरीच्या युवा योजनेत ती साधारणतः १५ ते १९ वर्षांची असतात; एएफएस ही संस्था १९४७ पासून शालेय विद्यार्थ्यांची अशी ये-जा घडवून आणते आहे. मुंबईतील घरी असा पाहुणा उतरला, की पहिल्याच सुटीत शहराचा जुना गाभा, म्हणजे फोर्ट परिसर, पाहण्याचा बेत ठरतो. त्याच घरी देवगडहून आजोबा किंवा आजी मुलाकडे राहायला आलेले असतील, तर त्यांच्यासाठी बहुधा वेगळा निर्णय होतो : ‘गर्दीत कुठे येता? पाय दुखतील. तुम्ही घरीच आराम करा.’

यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु घरी बसून राहणे म्हणजे सुरक्षित राहणे, असे नेहमी नसते. चालणे थांबले की मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल बिघडतो आणि पडण्याची भीती वाढते; भीतीमुळे चालणे आणखी कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन किंवा अधिक दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम सुचविले आहेत. गावी अंगण, आगर आणि बाजार यांत जी हालचाल सहज होते, ती मुंबईच्या सदनिकेत एकाएकी थांबते.

वाटाड्याचा मान

म्हणून या दिवसाकडे निराळ्या दृष्टीने पाहावे. आजोबांना ‘सोबत न्यायचे’ नसून पाहुण्याला शहर दाखविण्याचे काम त्यांच्याकडे सोपवायचे आहे. देवगड आणि मुंबई यांचे नाते पुस्तकी नाही. रेल्वे येण्यापूर्वी कोकणची माणसे किनाऱ्यावरील बोटींनी मुंबईला येत. देवगड, विजयदुर्ग, मालवण ही त्या प्रवासातील बंदरे होती. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये. गिरण्यांत आणि गोदीत राबलेल्या चाकरमान्यांनी ही मुंबई उभी केली. परदेशी मुलगा इमारतीचे वर्ष फलकावर वाचू शकतो. बोटीतली ती रात्र कशी जात असे, हे मात्र त्याला आजोबाच सांगू शकतात.

शिवाय पाहुणा सावकाश चालतो, पावलोपावली थांबतो, प्रश्न विचारतो. ज्येष्ठांना मानवणारी गती हीच असते. भाषेची अडचण नातवंडांनी दुभाषी होऊन सोडवावी. त्या निमित्ताने आजवर न ऐकलेल्या गजाली त्यांच्याही कानी पडतील.

वाट कोणती असावी?

प्रारंभ छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून करावा. १८७८ ते १८८८ या काळात बांधलेली ही वास्तू २००४ मध्ये जागतिक वारशात समाविष्ट झाली. जवळच १८६९ ची क्रॉफर्ड मार्केट, आताची महात्मा जोतिबा फुले मंडई, आहे. देवगड हापूसच्या पेट्या किती पिढ्या या बाजाराकडे येत होत्या, हे बागायतदार आजोबांना कोणी शिकवायला नको.

दादाभाई नौरोजी मार्गाच्या दुतर्फा कमानींखालून जाणारी सावलीची वाट आहे. पथारीवाल्यांमुळे ती अरुंद होते आणि पायाखालची फरशी सर्वत्र सपाट नाही. म्हणून काठी हवी, घाई नको. हुतात्मा चौकात १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि त्याच्याजवळ मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचे स्मारक आहे. संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐंशीच्या घरातील माणसाने बालपणी अनुभवलेला असतो. येथे थोडे अधिक थांबावे.

पुढे हॉर्निमन सर्कलच्या बागेत विसावा घ्यावा. समोर १८३३ चा टाउन हॉल दिसतो. त्याच्या तीसएक पायऱ्या चढण्याचा आग्रह धरू नये. त्यानंतर टॅक्सीने ओव्हल मैदानाजवळ जावे. एका बाजूला विद्यापीठाचा, १८७८ मध्ये पूर्ण झालेला सुमारे ८५ मीटर उंचीचा राजाबाई टॉवर आणि त्याच्या गॉथिक शेजारणी. दुसऱ्या बाजूला विसाव्या शतकातील आर्ट डेको घरे. या समूहालाही २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

दुपारच्या उन्हात १९२२ मध्ये खुले झालेले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी यांपैकी एकच ठिकाण निवडावे. वस्तुसंग्रहालयात चाकांची खुर्ची व उद्वाहन यांची चौकशी दूरध्वनीवरून आधीच करावी. गेटवे ऑफ इंडियाचा समुद्र शेवटी, ऊन उतरल्यावर पाहावा. थकवा असेल तर हा टप्पा खुशाल गाळावा.

शरीराची पूर्वतयारी

हे सर्व अंतर पायी अडीच-तीन किलोमीटरचे भरेल. पण ते सलग चालायचे नाही. वीस मिनिटे चालणे, दहा मिनिटे बसणे, असा क्रम ठेवावा. निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे रोजचे चालणे हळूहळू वाढवावे. हृदयविकार, दम्याचा त्रास किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्याची दमट काहिली आणि पावसाळ्यातील निसरडे पदपथ टाळावेत.

वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे; मात्र हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर तीच पाळावी. लघवीची गोळी प्रवासाच्या धास्तीने परस्पर बंद करू नये. तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी जेवणाची वेळ चुकवू नये. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची चिन्हे असू शकतात. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. बसून उठताना क्षणभर थांबावे, म्हणजे रक्तदाब घसरून भोवळ येण्याचा धोका कमी होतो. पादत्राणे जुनी, पायात रुळलेली आणि मागे पट्टा असलेली असावीत.

घरच्यांसाठी

औषधांची यादी, आजारांची नोंद आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी आजोबांच्या खिशात ठेवावी. प्रत्येक थांब्यावर स्वच्छतागृह कुठे आहे, हे आधी पाहून घ्यावे. अनेक ज्येष्ठ केवळ या संकोचाने बाहेर पडणे टाळतात आणि पाणीही कमी पितात. छातीत दुखणे, दम लागणे, बोबडी वळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्येष्ठांच्या अन्य अडचणींसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

आणि एक पथ्य सोबत्यांनी पाळावे : ‘दमलात का?’ हा प्रश्न दर पाच मिनिटांनी विचारू नये. चारचौघांत, विशेषतः परक्या मुलासमोर, असा प्रश्न माणसाला रुग्ण करून टाकतो. ‘येथे थोडे बसू या, मला पाहायचे आहे,’ एवढे पुरते. परतल्यावर पाय उंचावर ठेवून विश्रांती द्यावी आणि दुसरा दिवस मोकळा ठेवावा. त्या मोकळ्या सकाळी पाहुणा आपल्या वहीत कालचा दिवस लिहायला बसेल, तेव्हा देवगडच्या बोटीचे टिपण अचूक करण्यासाठी तो आजोबांच्याच खुर्चीशी येईल.