मानहाइमचे पत्र : आधी तपासनीस, मग मोटार

ऱ्हाइन आणि नेकार नद्यांच्या संगमावरचे मानहाइम हे मोटारीचे जन्मगाव. कार्ल बेंझने १८८६ साली इथे तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले आणि दोन वर्षांनी त्याची बायको बेर्टा दोन मुलांना सोबत घेऊन ती गाडी फोर्त्सहाइमपर्यंत चालवत गेली. ही हकीकत जर्मनीत शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. तिच्याआधीची एक हकीकत मात्र फारशी कुणी सांगत नाही. १८६५ साली याच शहरातल्या बिअरच्या एका कारखान्यात बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी आसपासच्या बॉयलरमालकांनी एकत्र येऊन एक संस्था काढली. बॉयलर बनवणाऱ्याशी आणि विकणाऱ्याशी काही संबंध नसलेला तपासनीस ठरावीक मुदतीने येईल, पाहील आणि दाखला देईल, एवढेच तिचे काम. आज जर्मनीत गाड्या तपासणाऱ्या ‘ट्यूफ’ या संस्थांचे मूळ तिथे आहे. म्हणजे ज्या गावात मोटार जन्मली तिथे तपासनीस तिच्या वीस वर्षे आधी हजर होता. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना ही व्यवस्था नवी नाही. निरीक्षकाच्या दाखल्याशिवाय तिथल्या रसायनांच्या आणि औषधांच्या कारखान्यांतला बॉयलर पेटत नाही, आणि आपल्याकडे बॉयलरचा कायदाही १९२३ सालीच झाला होता. पण बॉयलरच्या बाबतीत शंभर वर्षांपूर्वी पटलेली ही गोष्ट वापरलेल्या मोटारीच्या बाबतीत आपल्याला अजून पटलेली नाही. या पत्राचा विषय तोच आहे.

निमित्तही तिकडचेच आहे. पुण्याच्या बाजारात आज नव्या क्रेटाच्या किमतीत सात-आठ वर्षांची बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, मर्सिडीज सी-क्लास किंवा ऑडी ए-फोर मिळते. पाटस, दौंड, कुरकुंभ, बारामती या पट्ट्यात ऊस, जमीन, ठेकेदारी आणि कारखान्यातली चांगली नोकरी यांतून थोडा पैसा हाती आलेल्या कुटुंबांत हा हिशेब नक्कीच मांडला जातो. ‘जर्मनीत तर साधी माणसेही याच गाड्या जुन्या घेऊन वर्षानुवर्षे चालवतात, मग आपण का नाही?’ हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की जर्मन माणूस जुनी सी-क्लास घेतो तेव्हा गाडीबरोबर तो कागदांची आणि जबाबदारीची एक अखंड साखळीही विकत घेतो. गाडी आपल्याकडे पोचते, साखळी वाटेतच तुटते. तिच्यावाचून तीच गाडी वेगळी वस्तू होते, आणि तिची किंमतही वेगळी असायला हवी.

या गाड्या इथे बाजारात येतात कशा, हे आधी पाहावे लागेल. जर्मनीत नव्या नोंदल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश गाड्या कंपन्यांच्या, भाड्याने देणाऱ्यांच्या किंवा विक्रेत्यांच्या नावावर असतात. त्याचे एक मोठे कारण करपद्धतीत आहे. कंपनीने दिलेली गाडी नोकराने घरच्या कामालाही वापरली, तर साध्या पेट्रोल-डिझेल गाडीच्या बाबतीत तिच्या मूळ छापील किमतीच्या एक टक्का रक्कम दर महिन्याला त्याच्या करपात्र उत्पन्नात धरतात. हा सौदा दोघांनाही परवडतो, म्हणून विक्री अधिकाऱ्यापासून अभियंत्यापर्यंत अनेकांकडे कंपनीची थ्री सिरीज किंवा सी-क्लास असते. अशा गाडीचा भाडेकरार बहुधा तीन वर्षांचा असतो. तो संपला की गाडी बाजारात येते. तिची प्रत्येक सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपमध्ये झालेली असते, कारण करारातच तशी अट असते. नवेपणाची सर्वांत मोठी घट कंपनीने सोसलेली असते. २०२४ साली जर्मनीत सुमारे २८ लाख नव्या गाड्या नोंदल्या गेल्या आणि त्याच वर्षी सुमारे ६५ लाख वापरलेल्या गाड्यांचे मालक बदलले. इथला मध्यमवर्ग आलिशान गाडी चालवतो तो बहुतांशी दुसरा किंवा तिसरा मालक म्हणून, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आता साखळीकडे येऊ. नवी गाडी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी मुख्य तपासणीला न्यावीच लागते. तपासणीची सक्ती १९५१पासून आहे. ब्रेक, दिवे, टायर, धूर, सांगाड्याचा गंज हे सारे पाहून तपासनीस मागच्या नंबरप्लेटवर रंगीत चकती लावतो. पुढची तपासणी कोणत्या महिन्यात आहे ते त्या चकतीवर रस्त्याने चालणाऱ्यालाही वाचता येते. अहवालात त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले असतात. माझ्या मते या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट अशी, की तपासणारा दुरुस्ती करत नाही आणि गाडीही विकत नाही. दोष काढून त्याला काही मिळत नाही आणि लपवूनही नाही. नोंदणीचा कागद दोन भागांत असतो. पहिला गाडीबरोबर फिरतो. दुसरा मालकीचा असतो, आणि कर्ज असेपर्यंत तो बहुधा बँकेकडेच राहतो, त्यामुळे कर्ज न फेडता गाडी विकणे अवघड जाते. आणि या सगळ्यावर विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी असते. व्यापाऱ्याने खासगी ग्राहकाला जुनी गाडी विकली तर किमान एक वर्ष तो दोषाला बांधील राहतो. २०२२पासून तर पहिल्या बारा महिन्यांत दोष निघाला तर तो विक्रीच्या वेळी नव्हता हे व्यापाऱ्यालाच सिद्ध करावे लागते. खासगी मालक मात्र ‘आहे तशी’ म्हणून विकू शकतो. तो धोका माहीत असल्याने लोक एडीएसी या मोटारमालकांच्या संघटनेचा छापील करारनामा वापरतात आणि बऱ्याचदा पैसे भरून तिच्या केंद्रात गाडी तपासूनही घेतात. १९०३ साली स्थापन झालेल्या या संघटनेचे आज दोन कोटींहून अधिक सभासद आहेत.

यावर एक आक्षेप हमखास येतो : जर्मन माणसे मुळातच सचोटीची, आपल्याकडे ते जमायचे नाही. हा आक्षेप मला अजिबात मान्य नाही, कारण पुरावा उलटा आहे. वापरलेल्या दर तीन गाड्यांमागे एकीचे मीटर मागे फिरवलेले असते, असा अंदाज इथे पोलिसांच्या हवाल्याने वर्षानुवर्षे सांगितला जातो. मीटरशी छेडछाड हा स्वतंत्र गुन्हा करावा लागला तो २००५ साली, आणि एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद करूनही प्रकार थांबलेला नाही. २०१५ साली फोक्सवागेनने डिझेल गाड्यांत धुराची चाचणी ओळखणारे सॉफ्टवेअर घातल्याचे उघड झाले. २०१८ साली लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने शहरांना जुन्या डिझेल गाड्या रोखण्याची मुभा दिली आणि मर्सिडीजच्या श्टुटगार्टमध्येच २०१९पासून अशा गाड्यांना बंदी आली. प्रामाणिकपणे डिझेल गाडी घेतलेल्यांचे त्यात नुकसान झाले. इथली व्यवस्था कुणाच्या चांगुलपणावर उभी नाही. माणूस फसवू शकतो हे धरूनच ती रचली आहे, म्हणून ती आपल्यालाही उचलता येते. शेजारच्या बेल्जियमने तर जर्मनीलाही मागे टाकले. २००६पासून तिथे गाडी कोणत्याही गॅरेजात गेली की किलोमीटर एका मध्यवर्ती नोंदवहीत जातात, आणि विकताना त्याचा दाखला दिल्याशिवाय सौदा पुरा होत नाही. तिथे मीटर फिरवण्याचे प्रमाण नाममात्र उरले. जिथे केवळ शिक्षेची भीती पुरली नाही, तिथे नोंदीने काम केले.

आता हीच गाडी आपल्याकडे ठेवून पाहा. बैलबाजारात दात पाहून वय कळते. मोटारीचे दात म्हणजे पडद्यावरचे किलोमीटर, आणि ते लॅपटॉप लावून बदलता येतात. आपल्याकडे कायदे नाहीत असे मात्र नाही. फॉर्म २९ आणि ३० शिवाय मालकी बदलत नाही, फॉर्म ३५ शिवाय बँकेचा बोजा उतरत नाही. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याचे अधिकारपत्र लागते आणि गाडी आपल्या ताब्यात आल्याचे कळवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने तर फेब्रुवारी २०१८मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात स्पष्ट केले, की गाडी विकली पण नाव बदलले नाही, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी कागदोपत्री मालकावरच राहते. तरीही चार हात फिरलेली आणि आरसीवर पहिलाच मालक असलेली गाडी ‘ओपन लेटर’वर, म्हणजे नाव न बदलता, विकली जातेच. कागद केवळ मालकी सांगतो. गाडीची प्रकृती सांगणारा, विकणाऱ्याचा ना घेणाऱ्याचा असा तिसरा माणूस आपल्या सौद्यात नसतो.

गाडीचा माग काढला तर दोन वाटा दिसतात. एक दिल्लीची. तिथल्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती कायम केली. अंमलबजावणी पुढे कधी कडक, कधी सैल झाली, पण त्या धास्तीने आठ-नऊ वर्षांच्या डिझेल सेडान तिकडे स्वस्त झाल्या. स्वस्ताईचे कारण दोष नसून कायदा आहे, असे विक्रेता सांगतो, आणि ते खरेही असू शकते. पण एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि फेरनोंदणी जमेस धरली की फरक पुष्कळ आटतो आणि गाडीचा पूर्वेतिहास दीड हजार किलोमीटर मागे राहतो. दुसरी वाट घरची. ऑक्टोबर २०१०मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यावसायिकांनी एकदम १५० मर्सिडीज घेतल्या. ६५ कोटींच्या त्या खरेदीची देशभर चर्चा झाली आणि तिला सात टक्क्यांनी कर्ज मिळाल्यावर पत्रकार पी. साईनाथ यांनी ट्रॅक्टरच्या व्याजदराशी तुलना करून बोचरा प्रश्न विचारला. त्या काळच्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी आता संपत आली किंवा संपली. अशा गाड्या आज कुणालाही परवडतील अशा किमतीला येतात. सर्वांत जास्त सावध राहायचे ते इथेच.

कारण किंमत उतरते, खर्च उतरत नाही. चाळीस लाखांची गाडी दहा लाखांना मिळाली तरी तिचा हेडलाइट, गिअरबॉक्स आणि सेन्सर चाळीस लाखांच्या गाडीचेच राहतात. बीएमडब्ल्यूच्या २००७नंतरच्या काही वर्षांतल्या दोन लिटर डिझेल इंजिनात टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली होती. ती झिजली तर तिथपर्यंत पोचण्यासाठी बहुधा इंजिन उतरवावे लागते, आणि तुटली तर इंजिनच जाते. त्याच सुमाराच्या ऑडी ए-फोरच्या काही पेट्रोल इंजिनांत पिस्टन रिंगमुळे ऑइल जळण्याची तक्रार जगभर झाली. आज सर्वांत स्वस्त मिळतात त्या याच पिढीच्या गाड्या. शिवाय त्यांची घडण जर्मन रस्त्यांची आहे. बीएमडब्ल्यू-मर्सिडीजमध्ये मागच्या चाकांना ताकद आणि पुढे-मागे जवळपास सारखे वजन, सगळ्यांतच जमिनीलगत बांधा, ऑटोबानवर १३०च्या शिफारशीपलीकडेही न डगमगणारी चाल. हे गुण खरे आहेत आणि त्यांची ओढ वाटणे मला मुळीच चुकीचे वाटत नाही. पण गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून, गावोगावच्या गतिरोधकांवरून त्यांचा उपयोग किती, हे ज्याने त्याने ठरवावे. रन-फ्लॅट टायर असलेल्या अनेक मॉडेलांत स्टेपनी नसते. आणि रोजची फेरी कुरकुंभ ते दौंड एवढीच असेल तर बीएस-सहा डिझेलचा काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो, कारण तो साफ व्हायला लांब, सलग पल्ला लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : आपले फिटर हुशार, मजुरी स्वस्त, सुटे भाग कुठूनही मिळतात, जर्मनीत टाकून देतील ती गाडी आपण चालती करतो. ट्रॅक्टर, जीप, स्विफ्ट यांच्याबाबत हे अक्षरशः खरे आहे. इथल्या वर्कशॉपच्या तासाच्या दरात आपल्याकडे मोठे काम निघते, हेही खरे. पण या गाड्यांत बॅटरी बदलली तरी बऱ्याचदा गाडीच्या कॉम्प्युटरला ती कळवावी लागते, आणि अनेक सुटे भाग कोडिंग केल्याशिवाय चालू होत नाहीत. इथे हाताचे कसब थांबते आणि सॉफ्टवेअरची परवानगी सुरू होते. कुरकुंभहून अधिकृत वर्कशॉप म्हणजे पुणे, सत्तर-ऐंशी किलोमीटर, आणि बंद पडलेली गाडी फ्लॅटबेडवरून न्यायची. पुण्यात या गाड्यांचे जाणकार खासगी गॅरेजवाले आहेत. त्यांच्यापैकी एकाशी आधी ओळख करून घेऊन मगच गाडी शोधायला निघावे, असे मला वाटते.

म्हणून घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. साखळी मिळत नसेल तर ती स्वतः जोडावी आणि तिचा खर्च गाडीच्या किमतीत धरावा. टोकन देण्याआधी गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये आपल्या पैशाने तपासून घ्यावी. चॅसी नंबरवरून सर्व्हिसचा इतिहास मालकामार्फत मागवावा आणि त्यातल्या तारखा-किलोमीटर पडद्यावरच्या आकड्याशी जुळवावेत. विम्याचे जुने दावे आणि बँकेचा बोजा पाहावा. यापैकी कशालाही विक्रेता नकार देत असेल तर गाडी कितीही चकचकीत असो, उठून यावे. हप्ता ठरवताना गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा तरी पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. हा माझा अंदाज सावध बाजूचा आहे. तेवढी रक्कम उरत नसेल तर त्याच पैशात नवी, वॉरंटीची देशी गाडी घेणारा माणूस जास्त शहाणा, मग शेजारी काहीही म्हणोत.

सरकारकडे मागण्यासारखीही एक गोष्ट आहे आणि तिला फार पैसा लागत नाही. पीयूसीसाठी पहिले वर्ष सोडता इंधनावर चालणारी प्रत्येक गाडी वर्षातून एकदा तरी केंद्रावर न्यावी लागते आणि तिचा दाखला ‘वाहन’ या राष्ट्रीय नोंदणीशी जोडलेला असतो. त्याच वेळी मीटरचा फोटो आणि किलोमीटर नोंदवले, तर बेल्जियमसारखी वही चार-पाच वर्षांत देशभर तयार होईल. हा बदल केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीतला आहे. तो होईपर्यंत प्रत्येक सर्व्हिसचे बिल किलोमीटरसकट फाइलला लावावे आणि गाडी विकताना ती फाइल पुढच्या माणसाच्या हातात द्यावी.