पोट, पाय आणि काळीज

हा धडा वाचायच्या आधी घरातली एक लांब सुतळी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत, आपल्या उंचीएवढी कापा. मग तिची बरोबर मधोमध घडी घाला. आता ती दुपदरी सुतळी बेंबीवरून पोटाभोवती गुंडाळा. श्वास रोखून पोट आत ओढू नका बरं का! स्वतःलाच फसवून काय मिळणार? दोन्ही टोके एकमेकांना भेटली, तर ठीक. भेटली नाहीत, तर हा धडा मुद्दाम तुमच्यासाठी आहे.

माझी टोके चार बोटे दूर राहिली होती. म्हणून हा धडा मी आधी स्वतः गिरवला आणि मग लिहायला बसलो.

पोट वाढले की काय होते?

कातडीखालची चरबी चिमटीत धरता येते. तिच्याहून वाईट चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठते. ती डोळ्यांना दिसत नाही. हातपाय बारीक आणि पोट तेवढे पुढे, अशी माणसे आपल्या देशात पुष्कळ आहेत. म्हणून आपल्या लोकांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा कमी ठेवली आहे. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा, स्त्रियांचा ८० च्या आत.

पोट वाढले की मागून चार पाहुणे येऊ लागतात. पहिला रक्तदाब. तो वरचा १३० किंवा खालचा ८५ च्या पुढे जातो. दुसरी साखर. ती उपाशीपोटी १०० च्या पुढे जाते. तिसरी ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातली चरबी. ती १५० च्या पुढे जाते. चौथी एच.डी.एल. नावाची चांगली चरबी. ती मात्र कमी होते, पुरुषांत ४० च्या खाली, स्त्रियांत ५० च्या खाली.

पोट धरून ही पाच लक्षणे झाली. पाचांतली कोणतीही तीन एकत्र आली, तर डॉक्टर त्याला ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ म्हणतात. नाव अवघड आहे, पण अर्थ सोपा आहे. खाल्लेल्या अन्नाची शक्ती करण्याचे शरीराचे काम बिघडले, एवढाच. अशा माणसाला मधुमेह होण्याचा आणि हृदयाचा झटका येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

यात काही दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. माझा एक जुना विद्यार्थी होता. वय पंचेचाळीस. घरी ट्रॅक्टर, दारात मोटारसायकल. शेतावर जायचे तरी गाडीवरून. एका सकाळी त्याच्या छातीत दडपल्यासारखे झाले. ‘वात असेल,’ म्हणून तो ओवा खाऊन पडून राहिला. दुपारपर्यंत सगळे संपले. त्याचा रक्तदाब कधी कोणी मोजलाच नव्हता. त्याची आठवण ठेवून हे लिहितो आहे.

चालल्याने नेमके काय होते?

उसाला पाणी देताना तुम्ही दारे धरता. पाटाचे पाणी एकेका सरीत सोडता. शरीरातही तसेच आहे. रक्त हा पाट, साखर हे पाणी आणि स्नायू ही सरी. दारे धरणाऱ्या गड्याचे नाव इन्सुलिन. पोटातली चरबी वाढली की ही दारे गाळाने अडल्यासारखी होतात. गडी राबतो, पण दार नीट उघडत नाही. पाणी पाटातच तुंबते आणि पाटाचे काठ खराब करते. आपल्या रक्तवाहिन्यांचे असेच होते.

आता गंमत बघा. आपण चालू लागलो की पायांचे स्नायू त्या गड्याची वाट बघत नाहीत. ते स्वतःच दार उघडून साखर आत ओढतात. चालणे थांबल्यावरही दारे एक-दोन दिवस सैल राहतात. म्हणून व्यायामात दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नये.

दुसरा लाभ रक्तवाहिन्यांना. त्या लवचिक राहतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. तिसरा लाभ हृदयाला. हृदय हाही एक स्नायूच आहे. दिवसाला ते सुमारे १ लाख ठोके देते. सवय झालेले हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते, त्यामुळे विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात.

लंडनच्या बसमधली गोष्ट

हे डॉक्टरांच्या ध्यानात कसे आले? लंडन शहरात दोन मजली बस असत. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर मात्र तिकिटे देत दिवसभर जिना चढे आणि उतरे. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९५३ साली दाखवून दिले, की ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांना हृदयाचा विकार कमी होतो. पुढे १९५६ साली त्यांनी दोघांच्या गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला जास्त रुंद निघाल्या! मग कोणी म्हणेल, हा सगळा पोटाचाच खेळ. तसेही नव्हते. जाड कंडक्टरही जाड ड्रायव्हरपेक्षा सुरक्षित होता.

त्यानंतर अनेक देशांत पाहणी झाली आणि चालत्याफिरत्या माणसाचे हृदय जास्त टिकते असेच दिसले. म्हणून महिनाभर चालूनही पोट उतरले नाही, तर निराश होऊ नका. आत काम सुरू झालेले असते.

किती आणि कसे?

आठवड्याला निदान १५० मिनिटे. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा चाला. चाल अशी हवी, की सोबत्याशी बोलता यावे, पण अभंग म्हणता येऊ नये. अभंग म्हणता आला तर पाय उचला. बोलताही येईना तर सावकाश चाला.

आठवड्यातून दोन दिवस उठाबशा काढा. शाळेत मी मुलांना शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावत असे. आता स्वतः औषध म्हणून काढतो! गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, उठा, पुन्हा बसा.

‘गुरुजी, आम्ही शेतात राबतो, आम्हांला व्यायाम कशाला?’ असे कोणी विचारील. खरोखर कुदळ-खुरपे चालवीत असाल तर तो व्यायामच आहे. पण काम ट्रॅक्टरने आणि येणेजाणे गाडीने होत असेल, तर आपल्या पायांनी किती केले ते मोजा. आयाबहिणींनीही ‘लोक काय म्हणतील’ म्हणून घरी बसू नये. दोघी-तिघींनी मिळून निघावे.

काही गोष्टी संभाळा

आधीपासून हृदयविकार असेल किंवा रक्तदाब फार वाढलेला असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. चालू लागलो म्हणून गोळ्या बंद करू नका. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. हातपाय थरथरले, घाम फुटला, तर ती लगेच खावी. अनवाणी चालू नये.

छातीत दडपल्यासारखे झाले, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, दम लागून घाम सुटला, तर ओवा शोधत बसू नका. तिथेच थांबा आणि १०८ ला फोन लावा. ताबडतोब दवाखाना गाठा.

तिशी उलटली असेल तर आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. आणि ती सुतळी टाकू नका. खुंटीला अडकवून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा पोटाभोवती गुंडाळून बघा. माझी टोके आता दोन बोटांवर आली आहेत.